पहिला बजी: आणण्याआधी आणि आणल्यावर

बजी आणायचं ठरलं की आधी पिंजरा आणा, दांड्या बसवा, जागा पक्की करा. पक्षी सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलट घडतं. पिलू आवडतं, पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येतं, सोबत घाईत उचललेला चिमुकला पिंजरा येतो, आणि 'सध्यापुरता' म्हणून आणलेला तो पिंजरा पक्ष्याच्या जन्माला पुरतो.

बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला छोटा पोपट. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो, वजन ३०-४० ग्रॅम, लांबी शेपटीसकट साधारण १८ सेंटीमीटर. पाऊस पडेल तिकडे, गवताला दाणा धरेल तिकडे तो थव्यानं भटकतो. १८४० मध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून हा पक्षी जगभरच्या घरांत पोचला. निळे, पांढरे, राखाडी हे रंग नंतर पिंजऱ्यातल्या पैदाशीतून निघाले. रंग बदलले तरी स्वभाव रानातलाच राहिला. थव्यात राहायचं, लांब उडायचं आणि शिकारी पक्ष्यांपासून जीव वाचवायचा, एवढंच त्याला ठाऊक.

यातली शेवटची गोष्ट पाळणाऱ्यानं पक्की लक्षात ठेवावी. थव्यात जो दुबळा दिसतो तो आधी टिपला जातो, म्हणून बजी दुखणं लपवतो. आजारी बजी भांड्यापाशी जाऊन दाणे सोलतो, गिळत मात्र नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की छान खातोय. तेव्हा पिंजरा कुठे ठेवायचा इथपासून तळाला काय अंथरायचं इथपर्यंत प्रत्येक वेळी एकच विचार करा: यामुळे मला पक्षी नीट दिसणार आहे का?

एक की दोन?

आधी स्वतःची झडती घ्या. बजी साधारण ५ ते ८ वर्षं जगतो, चांगली निगा राखली तर १० च्या पुढेही जातो. दिवसभर चिवचिव असते, फोलपटं खोलीभर उडतात, पिसांची बारीक धूळ असते. घरात कुणाला दमा किंवा पिसांची ॲलर्जी असेल तर आधी बजी असलेल्या घरात जाऊन दोन-चार तास बसून या.

संख्येबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दोन आणा, आणि दोन्ही नर आणा. एकटा बजी चटकन माणसाळतो हे खरं, पण मग त्याचा थवा तुम्हीच. दिवसाचे आठ-नऊ तास घर बंद असेल तर एकटा पक्षी ठेवणं बरं नाही. दोन नर सहसा गुण्यागोविंदानं नांदतात. दोन माद्या जागेवरून आणि भांड्यावरून भांडतात, कधी रक्त निघेपर्यंत. नर-मादी आणलीत तर अंडी-पिल्लांचा व्याप मागे लागतो, आणि नवख्यानं त्यात पडू नये. घरात सतत कुणीतरी असेल आणि पक्षी बोलायला शिकवायचाच असेल, तर एकापासून सुरुवात करून तो माणसाळल्यावर दुसरा आणता येतो. मात्र दुसरा आला की त्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं. वरून धडधाकट दिसणारा पक्षीही आजार घेऊन येऊ शकतो.

जाता जाता एक खुलासा. पुष्कळ जण बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळा पोपट, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि तापट. त्याला बजीबरोबर एका पिंजऱ्यात ठेवू नका, तो बजीचे पाय चावून तोडू शकतो.

पिंजरा

उंचीला भुलू नका, लांबी बघा. बजी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही, आडवा उडतो. दोन पक्ष्यांसाठी निदान ७५ सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच उंच पिंजरा हवा. याहून मोठा मिळाला तर हात आखडता घेऊ नका. गोल पिंजरा दिसायला देखणा असला तरी त्यात ना उडता येतं, ना बसायला कोपरा मिळतो. तो घेऊच नये. गजांमधलं अंतर १० ते १२ मिलिमीटर असावं. त्याहून जास्त असेल तर डोकं बाहेर निघतं आणि अडकतं. निदान दोन बाजूंचे गज आडवे असतील तर चढता-उतरता येतं.

गजांवरून बोट फिरवून बघा. रंगाचे पोपडे निघत असतील, गंज असेल किंवा जस्ताचा मुलामा सुटत असेल तर तो पिंजरा नको. बजी दिवसभर चोचीनं गज चघळतो, आणि जस्त किंवा शिसं पोटात गेलं तर विषबाधा होते. पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा बरा. एक गंमत म्हणजे वर सरकवायची छोटी दारं बजी चोचीनं उचलायला शिकतो. डोकं खाली घालतो, दार इंचभर उचलतो, खांदा आत घालतो आणि बाहेर. प्रत्येक दाराला कपड्यांचा चिमटा किंवा छोटी कडी लावून टाका.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाका, निदान त्यातल्या बहुतेक. बजी झोपतोसुद्धा उभ्यानंच. जन्मभर एकाच जाडीच्या दांडीवर उभं राहिलं की तळव्याच्या त्याच जागी दाब पडतो, कातडी लाल होते आणि पुढे फोड येतात. त्याऐवजी पेरू किंवा निलगिरीसारख्या झाडाच्या, फवारणी न झालेल्या फांद्या आणा. घासून धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. काही १ सेंटीमीटर जाडीच्या, काही २ सेंटीमीटरच्या, वाकड्यातिकड्या असल्या तर उत्तमच. बोटांनी दांडी धरल्यावर पुढची आणि मागची बोटं एकमेकांना भिडू नयेत, एवढी जाडी असावी. नखं झिजावीत म्हणून सँडपेपरची वेष्टणं विकतात. त्यांनी नखं झिजत नाहीत, तळवे सोलवटतात. दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यावर दांडी येऊ देऊ नका, नाहीतर शीट थेट जेवणात.

खेळण्यांत कुरतडायला मऊ लाकूड, कागद, सुंभ, चढायला छोटी शिडी पुरे. दोरीचे सुटे धागे वेळच्या वेळी कापा, त्यात पाय अडकतो. आरसा मी ठेवत नाही. एकटा बजी आरशातल्या पक्ष्याच्या प्रेमात पडतो, त्याला भरवण्यासाठी दाणे उलटून काढत राहतो आणि जिवंत माणसाकडे ढुंकूनही बघत नाही.

तळाला जाळी असेल तर काढून टाका आणि साधा कागद अंथरा. भुसा, वाळू, सुगंधी बेडिंग काही नको. कागदावर शीट स्पष्ट दिसते, आणि ती रोज बघायची आहे.

जागा

घरातली माणसं जिथे बसतात त्या खोलीत, एक बाजू भिंतीला टेकवून, तुमच्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला पक्षी कायम धास्तावलेला राहतो, कारण वरून वाकणारी प्रत्येक सावली त्याला शिकाऱ्याची वाटते. थोडं ऊन मिळावं, पण पिंजऱ्याचा निम्मा भाग कायम सावलीत असावा. वाऱ्याचा थेट झोत नको, एसीचा तर नकोच.

स्वयंपाकघरात पिंजरा अजिबात नको. नॉनस्टिक भांड्यांवर पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा थर असतो. भांडं रिकामं तापलं किंवा करपलं की त्यातून जो वायू सुटतो, त्यानं बजी काही मिनिटांत मरतो, आणि माणसाला वाससुद्धा येत नाही. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा त्यांतून एकाच दिशेनं खेळत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू ही रचना झपाट्यानं शोषते, आणि विषसुद्धा तितक्याच झपाट्यानं. काही इस्त्र्यांना आणि हीटरलाही हाच थर असतो. बजी असलेल्या घरात नॉनस्टिक भांडीच न वापरणं उत्तम. ते जमत नसेल तर निदान दार बंद, खिडकी उघडी आणि भांड्यावरून नजर हलवायची नाही. परफ्यूम, डासांचे आणि झुरळांचे फवारे, सुगंधी मेणबत्त्या, धूप, सिगारेट, ताजा रंग हे सगळं त्याच यादीत.

पक्षी निवडताना

दुकानात किंवा पैदास करणाऱ्याकडे गेल्यावर लगेच पिंजऱ्याशी तोंड नेऊ नका. पाच-सहा पावलांवर उभं राहा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. माणूस जवळ आला की आजारी पक्षीसुद्धा पिसं घट्ट करून ताठ बसतो. तुम्ही लांब असाल तरच खरं काय ते कळतं.

दिवसाढवळ्या पिसं फुलवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसलेला पक्षी नको. श्वासाबरोबर शेपटी पंपासारखी वरखाली होत असेल तर नको. गुदद्वाराजवळची पिसं चिकटलेली, नाकपुड्या ओल्या, चोचीवर किंवा डोळ्यांभोवती पांढरट, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची खपली असेल तर नको. ती खपली सूक्ष्म किडीची असते. दोन बोटं पुढे आणि दोन मागे, अशी चारही बोटं शाबूत आहेत ना, हे मोजा. मग पिंजऱ्याचा तळ बघा. सगळीकडे पातळ हिरवं पाणी दिसलं तर त्या पिंजऱ्यातला सगळ्यात टवटवीत पक्षीही घेऊ नका. कोपऱ्यातल्या मलूल पिलाची दया येईल, पण पहिल्याच खेपेला आजारी पक्षी घरी आणणं झेपणारं नाही.

वय ओळखणं सोपं आहे. पिलाच्या कपाळावरचे काळे पट्टे थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळे पूर्ण काळे दिसतात. तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा पिसं झडली की कपाळ स्वच्छ पांढरं किंवा पिवळं होतं आणि पुढे बुबुळाभोवती फिकट कडं उमटतं. काही रंगांच्या जातींत पट्टेच नसतात, तिथे डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. साधारण दोन महिन्यांचं, आपलं आपण दाणे सोलून खाणारं पिलू सगळ्यात चांगलं. ते खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'हातानं भरवलं की जास्त लळा लागतो' असं सांगून कुणी अजून आपलं आपण न खाणारं पिलू गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. पातळ खाणं श्वासनलिकेत गेलं की पिलू हातातच जातं, आणि लळा तर मोठ्या पिलालाही लागतो.

नर-मादी ओळखायची ती नाकपुड्यांभोवतीच्या मेणासारख्या पट्ट्यावरून. त्याला सीअर म्हणतात. मोठ्या नराचा सीअर निळा, मादीचा पांढरट ते तपकिरी, आणि अंड्यांवर आली की जाड, खरखरीत. पिलांत जरा बारकाईनं बघावं लागतं. नर पिलाचा सीअर एकसारखा गुलाबी-जांभळा असतो. मादीचा फिकट निळसर, पण नाकपुडीच्या भोकाभोवती पांढरं वर्तुळ असतं. हे पांढरं वर्तुळ दिसलं की तो निळा रंग पाहून 'नर आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पांढऱ्याशुभ्र आणि पूर्ण पिवळ्या, लाल डोळ्यांच्या जातींत मोठ्या नराचा सीअरही गुलाबी-जांभळाच राहतो.

पहिला आठवडा

परत येताना वाटेत कुठेही थांबू नका. आधीच्या ठिकाणी जे दाणे खात होता तेच थोडे सोबत आणा, खाण्यात बदल नंतर. भांड्याबरोबरच तळाच्या कागदावरही दाणे पसरून ठेवा, कारण पिलाला पिंजऱ्याच्या भिंतीला टांगलेलं भांडं सापडायला वेळ लागतो. मग त्याच्या वाटेला जाऊ नका. तीन-चार दिवस नेहमीचे व्यवहार चालू ठेवा, जवळून जाताना हळू आवाजात बोला, पिंजऱ्यात हात फक्त दाणा-पाण्यासाठी. पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना दाखवायची घाई नको.

तुम्ही बघताना तो खाणार नाही. खातोय की नाही ते कागद सांगेल. निरोगी शीट म्हणजे गडद हिरवी किंवा तपकिरी गुंडाळी, तिच्यावर पांढरा ठिपका आणि भोवती थोडासा ओलावा. गुंडाळी नाहीच, नुसतं पाणी आणि पांढरं दिसतंय, आणि असं दिवसभर चाललंय, म्हणजे पोटात काही गेलेलं नाही. मग वाट बघत बसू नका.

रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. पिंजऱ्याच्या तीन बाजू पातळ कापडानं झाका, एक उघडी ठेवा, आणि खोलीत अगदी मिणमिणता दिवा असू द्या. मिट्ट काळोखात काही खुट्ट वाजलं की बजी दचकून अंदाधुंद फडफडतो आणि गजांवर आपटून जखमी होतो. असं झालं तर दिवा लावा, पण हात घालू नका. हळूहळू बोलत राहा, तो आपणहून दांडीवर परत येतो.

खाणं

राळा, कॅनरी सीड, ओट असे बारीक दाणे हे बजीचं आवडतं खाणं. पण नुसत्या दाण्यांवर ठेवलेला बजी कुपोषितच. दाण्यांत अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन फार कमी, चरबी मात्र भरपूर. अशा पक्ष्याचं यकृत चरबीनं सुजतं. आयोडीन न मिळाल्यानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगते, मग श्वास घेताना किटकिट आवाज येतो. म्हणून दिवसाला एका पक्ष्यामागे दीड-दोन चहाचे चमचे दाणे, शिवाय रोज ताजी पालेभाजी, आणि हळूहळू पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या बारीक गोळ्या. समुद्रफेस पिंजऱ्याला कायम लावलेला असावा. दुकानात त्याला कटलबोन म्हणतात. त्यातून कॅल्शियमही मिळतं आणि चोचही घासली जाते. सूर्यफुलाचे दाणे अगदी क्वचित. खडे-वाळू देण्याची गरज नाही. बजी दाणा सोलूनच गिळतो, दळायला खडे लागत नाहीत.

भाजी पहिल्या दिवशी कुणीच खात नाही. बजीला कोथिंबीर हे अन्न आहे हेच ठाऊक नसतं. ओल्या कोथिंबिरीची छोटी जुडी आवडत्या दांडीजवळ टांगा. आधी तो तिच्यात अंग घासून आंघोळ करील, मग पानं फाडील, मग कधीतरी एखादा तुकडा गिळेल. किसलेलं गाजर, ब्रोकोलीचे तुरे, सिमला मिरचीच्या बिया हेही द्या. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाका. तुम्ही त्याच्यासमोर तेच पान खाल्लंत तर काम लवकर होतं, थव्यात एकानं खाल्लं की दुसरा खातो. पेलेट्सकडे वळवताना दाणे एकदम बंद करू नका. बजी अनोळखी पदार्थाला अन्न मानत नाही आणि भरल्या भांड्यासमोर उपाशी राहतो.

भरल्या भांड्यावरून आठवलं. नवख्यांच्या घरी बजी उपाशी मरतो तो बहुतेक वेळा असाच. बजी दाणा सोलून फोलपट परत भांड्यातच टाकतो. संध्याकाळी भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं, पण वरचा सगळा थर हलका, पोकळ, दोन भागांत उकललेल्या टरफलांचा असतो. रोज सकाळी भांडं पिंजऱ्याबाहेर काढून हलकी फुंकर मारा. टरफलं उडतील, खाली काय उरलंय ते दिसेल.

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारट आणि तळकट पदार्थ, सफरचंदाच्या बिया आणि फळांच्या कोयी कधीही देऊ नका. स्वतःच्या तोंडातला घासही नको, माणसाच्या लाळेतले जंतू त्याला सोसत नाहीत. पाणी रोज बदलायचं, भांडं रोज घासायचं. त्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. पाण्याची चव बदलली की तो कमी पितो, शिवाय जंतू वाढतात.

हातावर येण्यासाठी

आठवडाभरात तुम्ही जवळ आल्यावर तो पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला पळेनासा झाला, की सुरुवात करा. सकाळी दाणे घालण्याआधी राळ्याचं कणीस हातात घ्या आणि हात दाराच्या आत नेऊन नुसता स्थिर ठेवा. तो नाही आला तरी पाच-दहा मिनिटांनी हात काढून घ्या, उद्या पुन्हा. आधी लांबून मान ताणून एक दाणा घेईल. मग बोटावर एक पाय ठेवील, दुसरा दांडीवरच. एक दिवस दोन्ही पाय बोटावर येतील. पुढे बोट पायांच्या वर, पोटाच्या खालच्या भागाला हलकेच लावून 'ये' म्हणा. तो चढला की लगेच दाणा.

पिसं अंगाला चिकटवून, मान लांब करून, बारीक होऊन ताठ उभा असेल तर तो भेदरलेला आहे, हात थांबवा. एक पाय पोटात घेऊन, गालावरची पिसं फुगवून चोच करकर घासत असेल तर तो निवांत आहे. वरून पकडू नका. वरून येणारा हात म्हणजे बजीच्या लेखी ससाणाच, आणि आठवडाभराची मेहनत एका झडपेत वाया जाते. पकडण्याची वेळ आलीच तर मान दोन बोटांमध्ये सैल धरा आणि छाती मोकळी ठेवा. पक्ष्यांना माणसासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर श्वासच बंद होतो.

बोलण्याचं म्हणाल तर नर जास्त बोलतात, आणि लहानपणी सुरुवात केली तर लवकर शिकतात. पक नावाच्या एका नर बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. तुमचा बजी एकही शब्द न बोलता मिक्सरचा, दारावरच्या घंटीचा किंवा चिमण्यांचा आवाज काढील, अशीही शक्यता आहे. शब्दांसाठी बजी आणू नये.

रोज एखाद-दोन तास तरी पिंजऱ्याबाहेर उडायला मिळावं. त्याआधी छताचा पंखा बंद करा आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. खिडक्या बंद, काचांवर पडदे, बादल्यांवर झाकणं, स्वयंपाकघराचं दार बंद. घरात मांजर असेल तर ते दुसऱ्या खोलीत. मांजराचा नुसता ओरखडा लागला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, त्यातले जंतू बजीला जिवावर बेततात. पंख छाटावेत का? माझ्या मते नाही. छाटलेला पक्षीही वाऱ्याच्या झोताबरोबर दाराबाहेर जातो, फक्त परत येऊ शकत नाही. खाणं फक्त पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे भूक लागल्यावर स्वारी आपणहून परत जाते.

दर आठवड्याला आणि अधूनमधून

कागद रोज बदला, पिंजरा आठवड्याला गरम पाण्यानं धुवा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा बजीसाठी वेगळा ठेवा आणि आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, वजन लिहून ठेवा. ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात ३-४ ग्रॅम कमी होणं हे मोठं घटणं आहे, आणि पिसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. उथळ ताटलीत पाणी ठेवलं की बहुतेक बजी आंघोळ करतात, काहींना ओली पानंच आवडतात. पिसं झडण्याच्या दिवसांत तो चिडचिडा होतो, डोक्यावर काट्यांसारखी नवी पिसं दिसतात. तेव्हा हात कमी लावा, भाजी जास्त द्या.

मादी असेल तर नराशिवायही ती अंडी घालू शकते. त्यातून पिल्लं होत नाहीत, पण तिच्या शरीरातलं कॅल्शियम मात्र खर्च होतं. म्हणून घरटी, मडकी, अंधारे खोपे, झोपायचे तंबू पिंजऱ्यात ठेवू नका, आणि उजेडाचे तास कमी करा. अंडी घातलीच तर लगेच उचलू नका. उचललीत तर ती आणखी घालत राहते. तिला उबवून कंटाळू द्या. तळाशी पिसं फुलवून बसलेली, शेपटी हलवत कुंथणारी मादी म्हणजे अंडं अडकलंय. तिला तासाभरात डॉक्टरकडे न्या.

आजारपण

पक्ष्यांवर इलाज करणारा पशुवैद्य बजी आणण्याआधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, आणि बजीच्या आजारात शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

नेहमीपेक्षा जास्त झोप, सकाळचा किलबिलाट बंद, पिसं फुललेली, शेपटीची वरखाली हालचाल, तळाशी बसणं, डोक्यावरची पिसं उलटीनं चिकट होणं यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. भरपूर खाऊनही वजन घटतंय आणि शीटीत न पचलेले अख्खे दाणे दिसतायत, तर ते जठरातल्या यीस्टचं दुखणं असू शकतं. मोठ्या नराचा निळा सीअर तपकिरी होऊ लागला तर वृषणातल्या गाठीची शंका घ्यावी लागते. मादीत तोच रंग साधा असतो. पोळ्यासारख्या खपलीवर तेल-मलमं चोपडू नका. डॉक्टरच्या औषधानं ती पूर्ण बरी होते. बजीच्या अंगात जेमतेम ३ मिलिलिटर रक्त असतं, त्यामुळे तुटलेल्या नखातून येणारं रक्तही कॉर्नफ्लोअर दाबून लगेच थांबवावं. पक्ष्याची सिटाकोसिस नावाची बाधा माणसालाही होते. घरात कुणाला ताप आणि खोकला दोन्ही असतील तर स्वतःच्या डॉक्टरला बजीबद्दल आवर्जून सांगा.

डॉक्टरकडे जाईपर्यंत त्याला ऊब द्या. छोट्या पिंजऱ्याच्या निम्म्या भागाला बाहेरून गरम पाण्याची पिशवी टेकवा, आतलं तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास राहील असं बघा. उरलेला भाग थंड ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला बाजूला सरकता येईल. चोचीत पाणी ओतू नका, माणसांची औषधं देऊ नका. दाणे आणि भाजी तळाशी, चोचीच्या टप्प्यात ठेवा. निघताना वजनांची वही आणि पिंजऱ्यातला त्या दिवसाचा कागद न फेकता, घडी घालून सोबत न्या. डॉक्टर पक्ष्याला हात लावण्याआधी तोच मागतील.